मागच्या दाराची कडी

आमच्या आक्कानं बत्तीस वर्षं पाळणाघर चालवलं आणि त्या बत्तीस वर्षांत एकाही आईला मागच्या दारानं जाऊ दिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट घोळवत बसायची सवय नाही. मी टपालाच्या खिडकीमागं नोकरी केली. समोरचा माणूस पाल्हाळ लावायला लागला की मी सरळ त्याच्या मागच्याला पुढं बोलवायची.

मुलाला सोडायला आलेली आई काय करते? पोरगं खेळण्यात रमलं की चपला हातात घेते आणि मागच्या दारानं पसार होते. रडणं कानांवर यायला नको ना! आक्काला याची भयंकर चीड. मागच्या दाराला ती सकाळीच कडी घालायची आणि वर स्टूल लावून ठेवायची. जायचं तर पुढच्या दारानं, मुलाला सांगून, आणि जे खरं तेच सांगून. मग ती त्या मुलाला कडेवर घेऊन रस्त्याकडच्या खिडकीत उभी राहायची आणि आई वळणापलीकडं जाईपर्यंत त्याला हात हलवायला लावायची. मूल भोकाड पसरायचंच. आक्का म्हणायची, रडू दे, त्याला फसवलेलं तर नाही. एका बड्या हुद्द्यावरच्या बाई चार वाजता येते म्हणून साडेपाचला आल्या, तर आक्कानं त्यांना उंबऱ्यात उभं करून झापलं होतं. उशीर होतो, माणूस आहे, पण मग चार म्हणायचं नाही.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दादा नऊ. आक्का एकोणीस. आम्हां दोघांना वाढवता वाढवता तिचं स्वतःचं घर व्हायचं राहून गेलं आणि त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. वडिलांच्या मागं राहता गाळा दादाच्या नावावर झाला. दादानं कागद पुढं केला, आक्कानं सही केली. मी तेव्हाच चिडले होते, पण तिचं म्हणणं, भाऊ काय मला बाहेर काढणार आहे का? त्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांतच पाळणाघर चाललं. भिंतींना गुडघ्याच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. बदक, छत्री, किटली, होडी. ज्याला नाव वाचता येत नाही त्याला किटली ओळखता येते. पुढं आक्काचे गुडघे गेले, पाळणाघर बंद झालं, पण खुंट्या तिनं काढू दिल्या नाहीत.

जुन्या चादरी आणि दुपटी द्यायला ती भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेली आणि येताना पिशवीत मिरीला घेऊन आली. काळी, मांजराएवढी, एक कान दुमडलेला. कुणीतरी बंद घरात तिला बांधून ठेवून गाव सोडून गेलं होतं. नंतर तीन घरांनी तिला नेलं आणि तिन्ही घरांनी परत आणून सोडलं, कारण माणूस दाराबाहेर पडलं की ही जीव खाऊन ओरडायची. निवाऱ्यातल्या बाईंनी आक्काला स्वच्छ सांगितलं होतं की चौथ्यांदा परत आली तर तिला पुन्हा कुणी नेणार नाही. मी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. एकाहत्तराव्या वर्षी हा उपद्व्याप! आक्का म्हणाली, एवढी मुलं गप्प केली, हे एक आणखी.

पहिल्या आठवड्यात तिच्या सगळ्या विद्येची फजिती झाली. भाजी आणायला निघताना ती मिरीला उचलून खिडकीत न्यायची, डोक्यावरून हात फिरवायची, "दोन कामं करून येते हं" म्हणून समजावून सांगायची. पाच मिनिटं निरोप चालायचा. मिरी थरथरायला लागायची. दार लागलं की ओरडणं असं, की वरच्या मजल्यावरचे वकील अशिलाला सोडून खाली धावले. आक्का परत आली तर दाराचा रंग नखांनी ओरबाडलेला, उंबऱ्यावर लाळेचं थारोळं, आणि एक नख तुटून रक्त आलेलं. दुसऱ्या दिवशी आक्कानं निरोप आणखी लांबवला. तिला वाटलं, सांगण्यात आपलंच काही कमी पडतंय.

वकिलांनी दादाकडं तक्रार नेली. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या घरात राहतो. तो येऊन सांगून गेला की दोन महिन्यांत कुत्री गप्प झाली तर ठीक, नाहीतर परत पाठवायची. जाता जाता त्यानं पुन्हा त्या निवासाचा विषय काढला. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवास म्हणायचं. तिथं बाग आहे, डॉक्टर आहे, आक्का एकदा पडली आहे, मनगट मोडलं होतं, पुन्हा पडली तर कोण बघणार वगैरे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दादाच्या मुलाला दातांचा दवाखाना काढायचा होता आणि तळमजल्याची, रस्त्यावरची जागा त्याला हवी होती. आक्का शांतपणे म्हणाली की मी गेले तर हिचं काय? ही माझ्यावाचून पाच मिनिटं राहत नाही. दादानं विषय तिथंच सोडला. मला मनातून बरं वाटलं. त्या चिमुरड्या कुत्रीनं एका फटक्यात जे केलं ते मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती आणि फार बोलत नव्हती. तिनं आक्काची सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली की तुमचा निरोपच तिला घाबरवतोय. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

"म्हणजे न सांगता जायचं? चोरून?" आक्कानं विचारलं.

"तिला शब्द कळत नाहीत, बाई. तुमचा चेहरा कळतो. गाजावाजा करायचा नाही. काहीच घडत नाहीये असं जायचं आणि काहीच घडलं नाही असं यायचं."

 बत्तीस वर्षं जे पाप मानलं, तेच आता औषध म्हणून घ्यायचं होतं. पण तिचं एक होतं, पटलं की पटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं डॉक्टरणीचा शब्द न् शब्द पाळायला घेतला.

आधी किल्ल्या. दिवसातून वीस वेळा किल्ल्यांचा जुडगा उचलायचा, वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. चपला घालायच्या आणि खुर्चीत बसून मटार सोलायचे. दार उघडायचं, लावायचं, जागेवर येऊन बसायचं. मिरी पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी उठली. तिसऱ्या दिवशी किल्ल्या वाजल्या तरी नुसता एक डोळा उघडून पडून राहिली. मग आक्का बाहेर पडायला लागली. अर्धं मिनिट. एक मिनिट. बाहेर म्हणजे कुठं, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पाळणाघरातलं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन. येणारे जाणारे तिला ओलांडून जायचे. वकील म्हणायचे, काय आक्काबाई, आज पण घराबाहेर काढलं वाटतं कुत्रीनं! आक्का ओठांवर बोट ठेवायची.

मिरीनं तोंड उघडायच्या आत परत यायचं, हे त्यातलं मर्म. रडली तर पुढच्या वेळी मिनिटं कमी करायची. रागवायचं नाही. आल्या आल्या कौतुकही करायचं नाही. जाताना पोकळ रबरी चेंडूत उकडलेला बटाटा भरून द्यायचा, म्हणजे चाटण्यात तिचा जीव गुंतून राहतो. आणि या सगळ्या काळात तिला खरोखर एकटं टाकून कुठंही जायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे आक्काचं बाहेरचं काम निघालं की कुत्रीपाशी बसायला मी. माझ्या दोन खोल्यांत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना यांच्यावर सोपवून मी दोन बस बदलून जायची आणि कुत्री राखत बसायची. मी तोंडानं कटकट करायची, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत आक्का पेन्सिलीनं लिहायची. पाळणाघरात नव्या मुलासाठी अशीच नोंद ठेवायची ती. "२ मि. नाही रडली." "५ मि. रडली." "३ मि. नाही रडली." दर खेपेला वाढवत जायचं असंही नसतं. आठ झाली की मध्येच तीन, मग अकरा, मग पाच, म्हणजे तिला अंदाज बांधता येत नाही आणि ती अंदाज बांधायचा सोडून देते. चाळीस मिनिटांपर्यंत गाडी आली आणि एके दिवशी वकिलांनी कसल्याशा पावतीसाठी दार धडाधडा वाजवलं. आक्का जिन्यावर, आत मिरी एकटी. झालं! पुन्हा दोन मिनिटांपासून सुरुवात. मी वकिलांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आक्का मात्र मलाच म्हणाली की तू ओरडू नकोस, ती ऐकतेय.

दोन महिने संपायला चार दिवस राहिले असताना आक्का सकाळी बाहेर पडली ती दुपारी उगवली. चार तास. मी समोरच्या फुटपाथवर बाकावर बसून कान देऊन होते. एक आवाज नाही. आम्ही दोघी आत गेलो तर मिरी किटलीच्या खुंटीखाली पोट वर करून झोपलेली. तिनं शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. संध्याकाळी वकिलांनी जिन्यात विचारलं, कुत्री परत पाठवली का हो, बरेच दिवस आवाज नाही? आक्का इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. तिला तसं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

दादाला कळलं आणि तो मुद्दाम आला. येताना मिरीसाठी बिस्किटं घेऊन आला! खुर्ची ओढून आक्कासमोर बसला आणि म्हणाला, हे जमवलंस कसं, मला नीट सांग. आक्कानं त्याला किल्ल्यांपासून सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारत होता. पहिल्यांदा किती वेळ? मग किती वाढवायचं? आणि निरोप घेतला तर? आक्कानं कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि एकेक चौकोन बोटानं दाखवला. मी चहा करत होते. भावानं बहिणीचं इतक्या आस्थेनं ऐकलेलं पाहून मला भरून आलं, हे कबूल करते. मूर्ख मी. जाताना दादा म्हणाला, म्हणजे आता तू कुठंही जायला मोकळी! आक्का हसून हो म्हणाली.

पंधरा दिवसांनी तो तिला गाडीतून निवासात घेऊन गेला. तिथं हाडांच्या डॉक्टरांचं शिबिर आहे, गुडघे दाखवून येऊ म्हणाला. चार तासांनी आणून सोडलं. मग न्हाणीघराची फरशी बदलायची निघाली, धूळ होईल म्हणून दोन दिवस आक्का तिकडं. मग रंगकाम, आठ दिवस. दर वेळी तो ठरल्या दिवशी तिला परत आणायचा. निवासात कुत्रं चालत नाही, म्हणून मिरी तेवढे दिवस माझ्याकडं असायची. ती रडत नव्हती, म्हणून मी निश्चिंत होते. आठ दिवसांनी आक्का परत आली तेव्हा तीन खोल्यांना पांढराशुभ्र रंग लागला होता आणि खुंट्या गेल्या होत्या. ती भिंतीवरून हात फिरवत राहिली. नंतर एवढंच म्हणाली, भोकं चांगली बुजवलीत.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी दादानं मला फोन केला. यावेळी परत आणायचं नाही, सगळं ठरलंय, तू बरोबर चल, तू असलीस की ती शांत असते. मी म्हटलं, तिला सांगितलंयस का? तो म्हणाला, "गाजावाजा करायचा नाही. निरोपानंच बिघडतं, आक्काच सांगत होती ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हणायला हवं होतं की लाज वाटत नाही का तुला! तर तोच म्हणाला, मग तू घेऊन जातेस का तिला तुझ्याकडं? मी दोन खोल्यांकडं पाहिलं, सासूबाईंच्या खाटेकडं पाहिलं. तीस वर्षं खिडकीमागून अख्ख्या गावाला सुनावणारी मी, त्या दिवशी मूग गिळून बसले. दुसऱ्या सकाळी गाडीत आक्काशेजारी जाऊन बसले. तिला पुन्हा आठच दिवस सांगितले होते, पण बॅग त्या मानानं मोठी होती. ती वहिनीनं भरली होती.

निवास वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बागेत एक बाई लोकर गुंडाळत बसल्या होत्या, आक्का त्यांच्याशी बोलायला लागली. लोकरीची लड तिनं दोन्ही हातांवर धरली आणि त्या बाई गुंडाळू लागल्या. दादानं घड्याळ पाहिलं आणि मला मानेनं खूण केली. स्वयंपाकघराच्या बाजूनं एक दार गाडीतळाकडं जात होतं. त्याला कडी नव्हती. माझ्या चपला करकरायच्या म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझ्या हातांनी आपणहून केलं ते. गाडीत बसेपर्यंत मी मागं पाहिलं नाही.

घरी मिरी दाराशी बसली होती. माझ्या मागं आणखी कुणी येतंय का ते तिनं पाहिलं, आणि पुन्हा बसली. जेवली, झोपली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. आवाज नाही. आक्कानं तिला शिकवलं होतं की गेलेलं माणूस येतं, आणि ती ते धरून बसली होती. मला तिच्या त्या शहाणपणाचा संताप यायचा. एकदा मी तिला हलवून म्हटलं, ओरड की गं, एवढ्यातेवढ्याला ओरडायचीस ना! तिनं माझा हात चाटला.

एकवीस दिवस माझी तिकडं जायची हिंमत झाली नाही. गेले तेव्हा आक्का खोलीत पलंगावर बसली होती. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. तिनं मला खुर्ची दिली आणि मिरीचं विचारलं. खाते का? रडते का? मी नाही म्हटलं. "शिकलीय ती," आक्का म्हणाली. मग पाणी आणायला ती बाहेर गेली आणि मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

तेच अक्षर, तीच पेन्सिल. शिबिराच्या चौकोनात "४ तास. नाही रडली." मग "२ दिवस. नाही रडली." मग "८ दिवस. रडली." म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. भाऊ काय करतोय ते तिनं गुडघ्यांच्या शिबिरातच ओळखलं होतं, आणि तरी दर वेळी गाडीत बसली होती. कुणीतरी आपल्याला सांगून जाईल म्हणून वाट बघत बसली असेल. त्या लोकरवाल्या बाईंशी बोलतानाही तिचे कान माझ्या चपलांकडं असतील. चौथ्या खेपेच्या चौकोनापुढं अजून काही लिहिलेलं नव्हतं. आक्का पाणी घेऊन आली, मी पाहतेय हे तिनं पाहिलं, आणि पेन्सिल उचलून त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, "२१ दिवस." पुढचं लिहिलं नाही.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. आई गेल्यावर फिरवायची तसाच. निघताना मात्र मी दारात उभी राहिले आणि नीट, तिच्याकडं बघून म्हटलं, "आक्का, मी जातेय. गुरुवारी येते. मिरीला घेऊन येते, फाटकाशी का होईना, भेटवते."

"सांगून जातेयस, बरं केलंस," ती म्हणाली. "पण मग गुरुवारीच ये."

ती खिडकीत येऊन उभी राहिली. मी वळणापर्यंत हात हलवत गेले.

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंना ताप भरला. गुरुवारी डॉक्टर आणावे लागले, हे कामावरून लवकर येऊ शकले नाहीत, आणि मी म्हटलं, फोन करून कळवावं. मग वाटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, शनिवारी जातेच आहे, फोनवर कशाला. शनिवारी मिरीला पिशवीत लपवून गेले. आक्का बागेत होती, खोली उघडी होती. गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आली नाही. नाही रडली."